समीकरणामागचा तराजू

शुद्ध चुनखडीचे १०० ग्रॅम तुकडे भट्टीत ९०० अंश सेल्सियसच्या आसपास पुरेसा वेळ तापवले, की उरतो ५६ ग्रॅम कळीचा चुना. दगड दिसायला दगडच राहतो, फक्त हलका आणि ठिसूळ होतो. शाळेत ही अभिक्रिया एका ओळीत सांगून होते: कॅल्शियम कार्बोनेट तापवले की कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मिळतात. ओळ पाठ होते, उत्तरपत्रिकेत उतरते, गुणही मिळतात. पण उरलेले ४४ ग्रॅम कुठे गेले, ते वायूच्या रूपाने गेले हे कशावरून, आणि दर वेळी ४४च का जातात, ४० किंवा ५० का नाही, हे प्रश्न बहुतेक वर्गांत विचारलेच जात नाहीत. हे पुस्तक त्या प्रश्नांसाठी लिहिले आहे. रासायनिक समीकरण हे निसर्गाबद्दल केलेले एक विधान आहे, ते वजन करून तपासता येते आणि तपासणीत खोटेही ठरू शकते, ही त्यामागची भूमिका. जे खोटे ठरू शकते ते नुसते पाठ करून भागत नाही. ते खरे का मानायचे, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे.

चुना भाजण्याची कला फार जुनी आहे. महाराष्ट्रातल्या गडकोटांना आणि वाड्यांना लागलेला चुना भट्टीत भाजला जाई, पाण्यात विरवला जाई आणि घाण्यात मळला जाई. दगड भाजल्यावर हलका होतो, विरवताना पाणी खदखदू लागते, भिंतीत भरलेला चुना वर्षानुवर्षे घट्ट होत जातो, हे सगळे त्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक होते. कृती पक्की होती. काय जाते, किती जाते आणि ते परत येते का, हे मात्र कुणी मोजलेले नव्हते. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी ते मोजले. १७५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की तापवताना घटणारे वजन म्हणजे दगडात बांधलेली एक वेगळीच हवा असते. ती चुन्याच्या निवळीला दुधाळ करते, आणि ती परत मिळाली की भाजलेल्या चुन्याचा पुन्हा मूळचा पदार्थ होतो. भिंतीतला चुना घट्ट होतो तोही हाच वायू हवेतून परत घेऊन. भट्टीपासून भिंतीपर्यंतचे चक्र त्यामुळे एका हिशेबात बसले. ब्लॅक यांच्यापाशी अणूची कल्पना नव्हती, आज आपण वापरतो ती चिन्हेही नव्हती. त्यांच्यापाशी चांगला तराजू होता, आणि प्रत्येक टप्प्याच्या आधी व नंतर वजन करण्याची शिस्त होती. रसायनशास्त्राच्या इतिहासात समीकरणाच्या आधी तराजू आला. शिकवताना आपण हा क्रम उलटा करतो, आणि विद्यार्थ्यांच्या पुष्कळशा अडचणी तिथूनच सुरू होतात.

कृती जाणणे आणि अभिक्रिया जाणणे यांतला फरक आपल्याकडच्या रसशास्त्रातही दिसतो. पारा आणि गंधक खलात घोटून काजळासारखी काळी कज्जली करण्याची कृती अनेक रसग्रंथांत येते, आणि ‘समगुण’ कज्जलीत दोन्ही द्रव्ये सारख्याच वजनाने घेतात. आता आजच्या अणुभारांनी हिशेब करून पाहा. सुमारे २०१ ग्रॅम पाऱ्याशी संयोग पावायला ३२ ग्रॅम गंधक पुरते, म्हणजे पाऱ्याच्या वजनाच्या जेमतेम एक षष्ठांश. समभाग घेतले तर बराचसा गंधक तसाच सुटा राहणार. कृतीतले प्रमाण औषधाच्या गरजेने ठरले होते. अभिक्रियेतले प्रमाण पदार्थच ठरवतात. यात जुन्या वैद्यांना कमी लेखण्याचे काही कारण नाही. राजस्थानातल्या जावर इथे मध्ययुगात ऊर्ध्वपातनाने जस्त काढले जात होते, आणि जस्त उकळून वाफ होऊन निसटणारा धातू असल्यामुळे ते काम सोपे नव्हते. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ मध्ये दोन खंडांत हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला तो हे कौशल्य जगापुढे मांडण्यासाठीच. पण त्या परंपरेत आजची समीकरणे आधीच होती असे म्हणणे तिच्यावरही अन्याय आहे. वायू पकडून तोलण्याची साधने हाती येईपर्यंत, युरोपात असो वा भारतात, अभिक्रियेचा पुरता हिशेब कुणालाच मांडता येत नव्हता.

वायूंचा हिशेब लागला तेव्हा सगळ्यांत मोठा धक्का बसला तो फ्लॉजिस्टनच्या सिद्धान्ताला. जळणाऱ्या पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचे काहीतरी निघून जाते, असे जवळजवळ शंभर वर्षे मानले जात होते, आणि हा सिद्धान्त मुळीच वेडगळ नव्हता: लाकूड जळून मूठभर राख उरते हे रोज दिसणारे सत्य होते. अडचण धातूंची होती. धातू तापवून भस्म केले की त्याचे वजन वाढते. आंत्वान लाव्हाझिए यांनी १७७०च्या दशकात गंधक, फॉस्फरस, कथील आणि पारा यांवर प्रयोग करून दाखवले, की बंद पात्राचे एकूण वजन तेच राहते, आतल्या पदार्थाचे वाढते, आणि ही वाढ पात्रातल्या हवेचा एक भाग घेतल्याने होते. तोच ऑक्सिजन. १७८९च्या त्यांच्या ग्रंथात द्राक्षरसाच्या आंबण्याचा जो हिशेब आहे त्यात एका बाजूला द्राक्षरस आणि दुसऱ्या बाजूला कार्बॉनिक आम्ल व अल्कोहोल मांडून मधे बरोबरीची कल्पना वापरली आहे. त्यांची काही मोजमापे आजच्या कसोटीला उतरत नाहीत, पण दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत हा आग्रह तिथपासून पक्का झाला. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळीपासून इथेनॉल होते ते त्याच अभिक्रियेने. १८० किलो ग्लुकोज पूर्ण आंबले तर जास्तीत जास्त ९२ किलो इथेनॉल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड मिळेल. कोणतेही यीस्ट वापरा, कितीही भारी यंत्र आणा, यापेक्षा अधिक मिळणार नाही. समीकरण ती मर्यादा आधीच सांगते.

यानंतरचा वाद मला या विषयातला सर्वांत शिकवणारा वाटतो, आणि शालेय पुस्तकांत त्याचा उल्लेखही सापडत नाही. झोझेफ प्रूस्त यांचे म्हणणे होते, की संयुगातले घटकांचे प्रमाण ठरलेले असते. खाणीतून आलेले तांब्याचे कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत बनवलेले कार्बोनेट यांत ते सारखेच. क्लोद लुई बेर्तोले यांना हे मान्य नव्हते. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर ते इजिप्तला गेले होते. तिथल्या खाऱ्या सरोवरांच्या काठी मीठ आणि चुनखडी यांपासून सोडियम कार्बोनेट साठलेले त्यांनी पाहिले. प्रयोगशाळेत नेमके उलटे घडते. द्रव्य कोणते, इतकेच पुरत नाही, ते किती आहे यावरही अभिक्रियेची दिशा ठरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि त्याच ओघात संयुगांची घटनाही बदलती असते असे मानले. दुसऱ्या मुद्द्यावर प्रूस्त जिंकले, आणि वर्गात शिकवला जातो तो हा विजय. पहिल्या मुद्द्यावर बेर्तोले बरोबर होते. पण त्यांची एक बाजू पडल्यामुळे दुसरीही मागे पडली. नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ मध्ये वस्तुमान क्रियेचा नियम मांडला तेव्हा ती परत वर आली. स्थिर प्रमाण आणि उलट फिरणारी अभिक्रिया या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. एकाच दिशेच्या बाणावर वाढलेल्या विद्यार्थ्याला हे अकरावीत पहिल्यांदा कळते, आणि तेव्हा ते आधी शिकलेल्याच्या विरुद्ध वाटते.

प्रमाण स्थिर का असते याचे उत्तर जॉन डाल्टन यांनी अणूंच्या भाषेत दिले. १८०८ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. यानंतर सगळे सोपे झाले असेल असे वाटते, पण पुढची ५० वर्षे गोंधळाची गेली. पाण्यात हायड्रोजनच्या एका भारास ऑक्सिजनचे आठ भार असतात, हे तराजू सांगतो. पण पाण्याच्या रेणूत दोन्हींचे किती अणू आहेत, हे तराजू एकटा सांगू शकत नाही. डाल्टन यांनी सर्वांत साधी जोडी धरली, एकास एक. मग ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड ठरतो. हायड्रोजनचे दोन धरले तर तो सोळापट ठरतो. गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये दाखवले होते, की दोन घनफळे हायड्रोजन एका घनफळ ऑक्सिजनशी संयोग पावून पाण्याची वाफ होते, आणि आव्होगाद्रो यांनी १८११ मध्ये त्याचा अर्थही लावला: समान तापमान आणि दाब असताना वायूंच्या समान घनफळांत रेणूंची संख्या समान असते, आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा आहे. फार थोड्यांनी तिकडे लक्ष दिले. बर्झेलियस यांनी १८१३च्या सुमारास मूलद्रव्यांना अक्षरचिन्हे दिली. डाल्टन यांना ती मुळीच पसंत नव्हती. चिन्हे आली तरी अणुभारांवर एकमत नव्हते, त्यामुळे एकच पदार्थ वेगवेगळे रसायनज्ञ वेगवेगळ्या सूत्रांनी लिहीत. केकुले यांनी १८६१च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, १९ सूत्रे नोंदवली आहेत. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूए इथे रसायनज्ञांची परिषद भरली ती हा गुंता सोडवण्यासाठी. इटलीचे कानित्सारो यांनी तिथे आव्होगाद्रोंचा विचार नेटाने मांडला, आणि पुढच्या काही वर्षांत अणुभार स्थिरावले. परिषदेत हजर असलेल्यांपैकी मेंडेलिव्ह यांनी त्याच अणुभारांच्या आधारे १८६९ मध्ये आवर्तसारणी केली. सातवीतले मूल आज सहज म्हणते ते ‘एच टू ओ’ इतक्या कष्टाने आणि इतक्या उशिरा ठरले आहे.

पुढचा विकास थोडक्यात सांगता येईल. १८८४ मध्ये व्हान्ट हॉफ यांनी अभिक्रियांचा वेग आणि समतोल यांचा अभ्यास मांडला आणि दोन्ही दिशांचे बाण वापरले. त्याच वर्षी स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी आपल्या प्रबंधात द्रावणांच्या विद्युतवहनावर जे मांडले, त्यातून पुढे आयनांचा सिद्धान्त उभा राहिला. १९१६ मध्ये लुईस यांनी बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी अशी कल्पना दिली. तराजूवर भर देणारे, उष्णता आणि समतोल यांवर भर देणारे आणि इलेक्ट्रॉनवर भर देणारे असे हे तीन संप्रदाय आज एकमेकांत मिसळून गेले आहेत. नवशिक्याने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: संतुलित समीकरण पहिल्या संप्रदायाची भाषा बोलते. किती द्रव्य लागेल आणि किती मिळेल हे ते सांगते. अभिक्रिया किती वेगाने होईल, कुठपर्यंत जाईल आणि कोणत्या पायऱ्यांनी जाईल, याविषयी ते काहीच बोलत नाही. नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन मिळून अमोनियाचे दोन होतात, हे कागदावर अगदी सोपे दिसते. प्रत्यक्षात ही अभिक्रिया घडवून आणायला रसायनज्ञ हाबर यांना उच्च दाब आणि उत्प्रेरक लागले, आणि आजही कारखान्यात एका फेरीत वायूंच्या थोड्याच भागाचा अमोनिया होतो. उरलेला पुन्हा फिरवावा लागतो.

अभिक्रियांच्या प्रकारांबाबतही असाच सावधपणा हवा. संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन हे कप्पे उपयोगी आहेत, पण ते आपण पाडलेले आहेत. लोखंड गंजते तेव्हा संयोगही होतो आणि ऑक्सिडीकरणही. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला की विस्थापन होते, आणि तीच रेडॉक्स अभिक्रिया असते, कारण लोखंडाकडून तांब्याकडे इलेक्ट्रॉन जातात. दुहेरी विस्थापनात बहुधा असे काही होत नाही. आयन जोडीदार बदलतात आणि अवक्षेप खाली बसतो. दोघांच्या नावात ‘विस्थापन’ आहे म्हणून ते सख्खे मानू नयेत. खिळ्याचाच प्रयोग जरा जवळून पाहू. द्रावणाचा निळा रंग फिका पडतो, खिळ्यावर लालसर थर चढतो, इतके निरीक्षण प्रत्येक पुस्तकात असते. खिळा जड होईल की हलका? लोखंड झिजते म्हणून हलका, असे उत्तर पुष्कळांना सुचते. पण ५६ ग्रॅम लोखंड द्रावणात जाते तेव्हा ६३.५ ग्रॅम तांबे बाहेर येते. तांबे खिळ्यालाच चिकटून राहिले तर खिळ्याचे वजन वाढले पाहिजे. समीकरणाने केलेले हे भाकीत आहे, आणि शाळेतल्या साध्या साहित्यात ते तपासता येते. अभिक्रियेचा प्रकार ओळखा, या प्रश्नापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोलाचा आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: दहावीच्या मुलाला गुण हवे असतात, दोन्ही बाजूंचे अणू मोजून आकडे बसवायची युक्ती पुरेशी आहे, इतिहास आणि तराजू यांना वेळ कुठे? आक्षेप प्रामाणिक आहे, पण युक्ती पुरत नाही. समीकरण जुळत नाही असे दिसले की अनेक मुले रेणूसमोरचा सहगुणक बदलण्याऐवजी सूत्रातला अंकच बदलतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून पाणी लिहिताना ऑक्सिजनचा एक अणू जास्त उरतो, तो पाण्याच्या सूत्रात घुसवला की दोन्ही बाजू जुळतात. पण मग पदार्थ पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. सहगुणक म्हणजे रेणूंची संख्या आणि सूत्रातला अंक म्हणजे पदार्थाची ओळख, हे ज्याला उमगले तो ही चूक करत नाही, आणि ते उमगते ते पदार्थाचे वजन आणि प्रमाण हाताळल्यावर. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनेक शाळांत प्रयोगशाळा नावापुरती असते, तिथे तराजूचा आग्रह म्हणजे चैन नव्हे काय? इथे स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा मदतीला येतो. ८.४ ग्रॅम खाण्याच्या सोड्यावर पुरेसे व्हिनेगर ओतले की जास्तीत जास्त ४.४ ग्रॅम वायू सुटतो, आणि उघड्या भांड्याचे वजन त्याच्या जवळपास घटते. थोडा वायू द्रवात विरघळून राहतो म्हणून घट जरा कमी भरते. मोठी शाळाही जे मोजत नाही ते साध्या घरात मोजता येते.

याच प्रयोगात एक फसवी जागा आहे, आणि ती लपवू नये असे मला वाटते. वायू निसटू नये म्हणून बाटलीच्या तोंडाला फुगा बसवतात, आणि वजन तेवढेच राहील असे मुलांना आधीच सांगून ठेवतात. प्रत्यक्षात काटा अडीच ते तीन ग्रॅम कमी दाखवतो. वस्तुमान कुठेही गेलेले नसते. फुगलेल्या फुग्याने सुमारे अडीच लिटर हवा बाजूला सारलेली असते, आणि तेवढ्या हवेच्या वजनाइतके वरच्या दिशेचे प्लावक बल त्यावर लागते. शिक्षक ‘काटा बिघडला आहे’ म्हणून पुढे गेले, तर नियम पुस्तकात खरा आणि टेबलावर खोटा असतो असे मूल शिकते. फरक का पडला हे शोधले, तर वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम आणि आर्किमिडीजचे तत्त्व दोन्ही एकाच दुपारी कळतात. वायू न सुटणारी अभिक्रिया घेतली, उदाहरणार्थ चुन्याची निवळी आणि धुण्याच्या सोड्याचे द्रावण एकत्र करून पांढरा अवक्षेप पाडला, तर उघड्या भांड्यातही वजन बदलत नाही. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की वाद घालायला भरपूर जागा मिळते.

हे सगळे आज का, याचे उत्तर महाराष्ट्रात जागोजागी आहे. तारापूर, रोहा, महाड, लोटे-परशुराम या पट्ट्यांत रासायनिक कारखाने आहेत. थळ आणि तुर्भे (ट्रॉम्बे) इथे खते होतात. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने चुनखडीवर चालतात. सिमेंटच्या भट्टीला लागणारी उष्णता उद्या संपूर्ण सौरऊर्जेतून आली, तरी चुनखडीचे जे १०० टन भाजले जातील त्यांतून ४४ टन कार्बन डायऑक्साइड निघणारच, कारण तो इंधनातून येत नाही, दगडातून येतो. या उद्योगातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा निम्म्याहून मोठा भाग असा दगडातला असतो. हवामानबदलावर मत देणाऱ्या नागरिकाला हे समीकरण ठाऊक नसेल, तर कोणते आश्वासन शक्य आहे आणि कोणते पोकळ, हे तो कसे ओळखणार? युरियाच्या गोणीवर ४६ टक्के नत्र असे छापलेले असते. युरियाच्या ६० भारांत नायट्रोजनचे २८, म्हणजे साडेशेहेचाळीसच्या किंचित वर. ४५ किलोच्या गोणीत पिकाला मिळू शकणारे नत्र २१ किलोच्याही आत आहे, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला आठवीतच काढता यावे.

मराठीत असे लेखन नवे नाही. कोल्हापुरात बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीतून विज्ञानाची पुस्तके लिहिली, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने ती वाट रुंद केली. या पुस्तकात परिभाषा पाठ्यपुस्तकांचीच ठेवली आहे, म्हणजे वर्गात आणि इथे मुलांना दोन भाषा सांभाळाव्या लागू नयेत. समीकरण देण्याआधी प्रत्येक ठिकाणी ते कोणत्या निरीक्षणावरून आणि कोणत्या वजनांवरून ठरले ते सांगितले आहे. आधी शब्दांत, मग सूत्रांत, मग ग्रॅममध्ये. गणितांची उत्तरे दिली आहेत, पण प्रयोगांची दिलेली नाहीत, कारण काट्यावर आलेला आकडा वहीत जसाच्या तसा उतरवायला हवा आणि तो समीकरणाच्या आकड्याशी का जुळत नाही हे ज्याचे त्याने शोधायला हवे. इलेक्ट्रॉनांची कल्पना शेवटच्या भागात येते, तीही ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांचा अर्थ लागण्यापुरती. बंध आणि कक्षा यांना इथे हात लावलेला नाही. ज्या अभिक्रियांत पारा, शिसे किंवा क्लोरीन येतो त्या वाचून समजून घेण्यासाठीच आहेत, करून पाहण्यासाठी नाहीत. चुना विरवताना तो थोडा थोडा पाण्यात टाकावा, डोळ्यांवर चश्मा हवा, आणि सोडा व व्हिनेगर एकत्र केलेल्या बाटलीला बूच कधीही घट्ट लावू नये.